केणे सरांचा कासरा

चुकीच्या उत्तराला केणे सर हसायचे. छडी बसायची ती बरोबर उत्तराला. चुकणाऱ्याकडून त्यांची काही अपेक्षाच नसे. तो त्यांच्या लेखी दगड, आणि दगडाला मारून आपलाच हात दुखतो. पण बरोबर उत्तर देणाऱ्याने सरांच्या वाक्यातला एक शब्द जरी इकडचा तिकडे केला, तरी सर शांतपणे म्हणायचे, "ते माझं वाक्य आहे. तुझ्या बापाचं शेत नाही, हवं तसं नांगरायला." आणि मग हात पुढे करायला लावायचे. आमच्या वळ गावच्या शाळेत त्यांनी उभा जन्म विज्ञान शिकवलं. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस आजही ओळखू येतो. काही विचारलं की तो आधी हात मागे बांधतो आणि मग बोलतो.

"पूर्ण वाक्यात" हे त्यांचं दुसरं पालुपद. पाणी प्यायला जायचं असलं तरी "सर, पाणी" म्हणून भागत नसे. "सर, मला तहान लागली असल्यामुळे मी पाणी पिण्यासाठी बाहेर जाऊ इच्छिते," एवढं म्हणेपर्यंत तहान मरायची. अंगाने काटकुळे, उंच, पांढरा कडक शर्ट, खिशात दोन पेनं. निळं स्वतःसाठी आणि लाल आमच्यासाठी.

नववीच्या पहिल्या तासाला त्यांचा एकच ठरलेला प्रश्न असायचा. "चंद्र खाली का पडत नाही?" आम्ही भराभर हात वर केले. कोणी म्हणालं तिथे हवा नाही म्हणून, कोणी म्हणालं तिथे गुरुत्वाकर्षण नाही म्हणून, मी म्हणाले तो फार लांब आहे म्हणून. सर सगळ्यांचं ऐकून घेत हसत राहिले. मग चष्मा पुसत म्हणाले, "पडतो. पडत नाही असं तुम्हाला सांगितलं कोणी? मी विचारलं आणि तुम्ही कबूल करून बसलात. उद्या मी विचारेन, तुझा बाप चोर का आहे, तर त्याचीही कारणं देशील." हे मात्र मी कधी विसरले नाही. आता मी शेजारच्या वडपे गावातल्या गोडाऊनमध्ये माल रवाना करायची, डिस्पॅचची कागदपत्रं बघते, तिथे कोणी "माल कमी का भरला?" म्हणून अंगावर आलं की मी आधी माल मोजायला लावते. ही सरांची देणगी, आणि ती नाकारण्याइतकी मी कृतघ्न नाही.

त्यानंतर ते पाण्याच्या टाकीवर चढले. एक दगड नुसता सोडला, तो पायाशी पडला. दुसरा आडवा फेकला, तो कुंपणापाशी. तिसरा जोर लावून फेकला, तो रस्त्यापलीकडे. "तिन्ही पडले. लांब गेलेलासुद्धा पडलाच. आणखी जोर लावला तर वडप्याला पडेल. त्याहून लावला तर? जमीन सपाट नाही रे गाढवांनो, ती पुढे पुढे खाली वळत जाते. दगड पडत राहील आणि जमीन त्याच्याखालून निसटत राहील. तो पडायचा थांबणार नाही, आणि लागणारही नाही कधी." खाली उतरून त्यांनी फळ्यावर वाक्य लिहिलं: *चंद्र सतत पृथ्वीकडे पडत असतो, परंतु त्याला आडवा वेग असल्यामुळे तो जेवढा पडतो तेवढीच जमीन त्याच्याखालून वळते, म्हणून तो पृथ्वीला लागत नाही.* हे वाक्य आमच्या गावात अजून पाठ आहे. विड्या ओढत नाक्यावर बसलेली माणसंसुद्धा ते घडाघडा म्हणतील, एकही शब्द न बदलता.

एवढ्यावर सर थांबले असते तर मी त्यांच्याविषयी नुसतं चांगलं लिहून मोकळी झाले असते.

कृष्ण अष्टमीच्या आसपास सकाळी शाळा भरताना पश्चिमेला अर्धा चंद्र दिसतो, फिकट पांढरा. कॅलेंडरात बघून सर तो दिवस ठरवायचे आणि वर्ग मैदानावर न्यायचे. वर बघताना चष्मा काढायचे. तेवढा वेळ ते कोणाला काही बोलत नसत. चेहरा एकदम लहान मुलासारखा व्हायचा, ओठ थोडे उघडे. त्या वेळचे सर मला आवडायचे, आजही आवडतात. मग चष्मा परत नाकावर यायचा आणि हाक यायची, "मंदे!"

मंदा त्यांची एकुलती एक मुलगी. माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. ती सहावीत असल्यापासून दरवर्षी या प्रयोगासाठी तिला तिच्या वर्गातून उठवून आणत. सरांच्या भावांनी शेत गोडाऊनवाल्यांना दिलं तेव्हा घरचे बैल गेले, त्यांचा कासरा तेवढा मागे राहिला होता. त्याचं एक टोक सरांच्या मुठीत असायचं, दुसरं मंदाच्या दोन्ही मनगटांना. सर मधे उभे राहून जागच्या जागी वळायचे आणि मंदा त्यांच्याभोवती धावायची. वेग आला की ती मागे कलायची, कासरा ताठ व्हायचा आणि सरांचा आवाज चढायचा. "मी ओढतोय, ही पळू बघतेय. माझी ओढ नसेल तर ही निघून जाईल. हिचं पळणं नसेल तर ही माझ्या अंगावर येऊन पडेल. दोन्ही आहे म्हणून ही गोल फिरतेय. आता ओढ काढून घेतली तर..." आणि बोलता बोलता ते मूठ सोडायचे. कधी सोडणार हे मंदाला माहीत नसे. ती तशीच दहा-बारा पावलं भेलकांडत जाऊन पडायची.

"गोल गेली?"

"नाही सर."

"कशी गेली?"

"सरळ."

"पूर्ण वाक्यात."

"दोर सुटल्यावर मंदा सरळ रेषेत गेली, सर."

परीक्षेत एकाने चंद्राऐवजी मंदा असंच लिहिलं, त्याचा सरांनी अर्धा मार्क कापला.

मुख्याध्यापक एकदा म्हणाले होते, "केणे, चेंडू बांधा की. पोरगी कशाला?" सर म्हणाले, "चेंडू सुटला की पोरं चेंडूमागे धावतात. पोरगी पडली की गप्प उभी राहून बघतात." "मग दरवेळी हीच का?" तर म्हणाले, "दुसऱ्याची पाडली तर तिचा बाप शाळेत भांडायला येईल. हिचा बाप शाळेतच आहे." त्यावर मुख्याध्यापक हसले, आणि आम्हीही हसलो.

नववीत मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीचा डबा माझ्या हातात होता. मंदा सुटली तिथपासून पडली तिथपर्यंत मी रेघ मारायची होती. तिचा गुडघा फुटला होता. मी रेघ तिच्या पायाशी आणून थांबले, तर सर ओरडले, "रेघ पूर्ण पाहिजे!" मी पूर्ण केली. थोडी फक्की तिच्या जखमेत गेली. ती ओय म्हणाली नाही. माझ्याकडे बघून तिने गुडघा तेवढा आत ओढून घेतला.

आणि त्याच दिवशी मी तोंड उघडलं. सरांनी दोर सोडला तेव्हा मंदा पुढे गेली हे सगळ्यांनी पाहिलं. सर स्वतः एक पाऊल मागे धडपडले होते, ते मी पाहिलं. मी म्हणाले, "सर, तुम्हीपण मागे गेलात. म्हणजे तीपण तुम्हाला ओढत होती." आता मला ठाऊक आहे की ते बरोबर होतं. चंद्रही पृथ्वीला ओढतो, त्याच्यापायी पृथ्वीही जागची थोडी हलते. सरांना ते ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही. ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तुला कोणी विचारलं?" आणि त्या दिवशी छडी नाही, लाकडी पट्टीची धार बसली.

पुढे मंदाची आई गेली, आणि कॉलेजचं एकच वर्ष करून मंदा घरी बसली. सर दुसऱ्या कोणाच्या हातचं जेवत नसत. चहाही तिनेच करायचा, आणि तो देऊन समोर उभं राहायचं. कप रिकामा झाल्याशिवाय हलायचं नाही. पण मुलीचं लग्न करायचं नाही, असं ते कधी म्हणाले नाहीत. उलट येईल त्या पाहुण्याला बसवून घेत. मंदा पोहे घेऊन यायची, मुलगा मान खाली घालून बशी घ्यायचा, आणि सर विचारायचे, "चंद्र खाली का पडत नाही?"

निजामपुऱ्यात कापडाचे चार लूम असलेला एक जण म्हणाला, "देवाची मर्जी." सर म्हणाले, "मग लग्नही त्याच्याच मर्जीने कर, माझ्याकडे कशाला आलास?" एक बँकेतला होता, तो बिचारा "गुरुत्वाकर्षण" एवढंच म्हणाला, तर सर म्हणाले, "पूर्ण वाक्यात." त्याला पुढचं येईना. तिसऱ्याने जरा रंगात येऊन मंदाकडे बघितलं आणि म्हणाला, "चंद्र तर इथे घरातच आहे." सरांनी त्याच्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतली. गावात या गोष्टी चवीने सांगितल्या जायच्या. मीही सांगितल्या आहेत. मंदा चौतिशीला आली तेव्हा पाहुणे यायचे थांबले होते आणि आमच्याकडचे किस्से संपले होते.

फक्कीची ती रेघ माझ्या मनात कुठेतरी होतीच, म्हणून मी दिलीपला तयार केला. दिलीप आमच्या गोडाऊनमध्ये पॅलेट बांधायचा. आपल्यातलाच, वाड्याकडचा, बायको बाळंतपणात गेलेली, सरळ माणूस. लाकडी पॅलेटवर खोकी रचली की प्लास्टिकच्या फिल्मचा रोल हातात घेऊन त्याच्याभोवती फिरायचं, तोंड मालाकडे, अंग मागे कललेलं, हे त्याचं दिवसभराचं काम. मंदाला त्याने दोनदा बाजारात पाहिलं होतं आणि मंदानेही त्याला पाहिलं होतं. ती मला फोनवर म्हणाली होती, "सुरेखा, यो हातचा नको जाऊ देस गो." इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

म्हणून मी दिलीपला जेवणाच्या सुट्टीत बसवून चंद्र शिकवला. त्याला पाच मिनिटं लागली. म्हणाला, "मॅडम, ह्ये तर माझंच काम हाय. फिल्म ओढते म्हणून मी गोल फिरतो. फाटली का मी मागं पडतो. फक्त वर फिल्म दिसत न्हाय." मग थोडा विचार करून म्हणाला, "आन माल हलका असला ना, का पॅलेटबी माझ्याकडं सरकतो. म्हंजे चंद्रबी वढतच असल की पृथ्वीला."

माझ्या हाताला पट्टीची धार आठवली. मी म्हणाले, "हे बिलकुल बोलायचं नाही. पॅलेट नाही, फिल्म नाही, काही नाही. मी लिहून देते तेच वाक्य म्हणायचं, जसंच्या तसं. एक शब्द बदललास तर गेलास." तो आठ दिवस ते पाठ करत फिरला. काम करताना ओठ हलायचे. हमाल त्याला हसायचे.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. मंदाने पिवळी साडी नेसली होती, केसात अबोलीचा गजरा होता. सरांनी दिलीपला नोकरी विचारली नाही, घर विचारलं नाही, आधीच्या बायकोबद्दलही विचारलं नाही. थेट प्रश्नावर आले. दिलीपने हात मागे बांधले, तेही मीच शिकवलं होतं, आणि म्हणाला, "चंद्र सतत पृथ्वीकडे पडत असतो, परंतु त्याला आडवा वेग असल्यामुळे तो जेवढा पडतो तेवढीच जमीन त्याच्याखालून वळते, म्हणून तो पृथ्वीला लागत नाही."

एक शब्द चुकला नाही. मंदाने दाराशी डोळे मिटले. मला वाटलं, झालं.

सर हसायला लागले. अगदी तेच वर्गातलं हसू. "वाक्य कोणाचं?"

दिलीप माझ्याकडे बघायला लागला.

"तिच्याकडे बघू नकोस. हे माझं वाक्य आहे. तुझं कुठे आहे? तुला काय कळलं ते सांग."

मी डोळ्यांनी सांगत होते, बोल, पॅलेटचं बोल. पण मीच त्याला इतकं भेवडावून ठेवलं होतं, की तो पुन्हा तेच वाक्य पहिल्यापासून म्हणायला लागला. सरांनी अर्ध्यावर हात वर केला. "पाठांतर. नापास. चंद्राला स्वतःचा उजेड नसतो, दुसऱ्याचा घेऊन मिरवतो. तसला एक माझ्या घरात आहे, आणखी नको." आणि मंदाकडे न बघता म्हणाले, "चहा आण."

एक शब्द बदलला म्हणून ज्या माणसाने आम्हाला सोलून काढलं, त्याने एकही शब्द बदलला नाही म्हणून दिलीपला घालवला. मी त्या क्षणी उठून हे म्हणायला हवं होतं. माझे हात मागे बांधलेले होते. मंदाने चहा आणला, दिला आणि कप रिकामा होईपर्यंत समोर उभी राहिली. दिलीपने पुढच्या वर्षी पडघ्याची मुलगी केली. लग्नाला मी गेले होते, जेवण चांगलं होतं.

तीन वर्षांनी सरांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी भेटायला गेले तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. मंदाने त्यांना अंगणात खुर्चीवर बसवलं होतं, गळ्यात टॉवेल, आणि हातात पेजेची वाटी. घराच्या चारी बाजूंनी आता गोडाऊनं झाली आहेत. पलीकडे एक ट्रेलर मागे घेताना वाजत होता. पत्र्यांच्या वर अर्धा चंद्र होता. मला बघून मंदा हसली, बस म्हणाली, आणि चमचा भरून सरांच्या तोंडासमोर धरला.

"बाबा, चंद्र खाली का पडत नाही?"

मला आधी वाटलं, लाडाने विचारतेय, वाचा परत यावी म्हणून डॉक्टरांनी सांगितलं असेल. सरांचं तोंड उघडलं. चमचा जागचा हलला नाही. सरांची मान पुढे आली तसा तो तेवढाच मागे गेला. सरांच्या गळ्यातून काहीतरी खरवडल्यासारखं निघालं. खूप वेळाने त्याचा शब्द झाला.

"प... डतो."

"पूर्ण वाक्यात," मंदा म्हणाली.

पेज चमच्यातून टॉवेलवर ठिबकत होती. सरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, एकाच डोळ्यातून. मी उभी राहिले. काय करत होते ते मला कळलं नाही, हात मागे गेले आणि मी बोलायला लागले, "चंद्र सतत पृथ्वीकडे पडत असतो, परंतु त्याला आडवा वेग असल्यामुळे..."

मंदाने माझ्याकडे मान वळवली. "तुला कोणी विचारलं?"

आवाज तिचा होता, पण चाल हुबेहूब सरांची. मी खाली बसले. आणि तेव्हा मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडाची जी बाजू हलत होती, ती हसत होती. चांगला विद्यार्थी मिळाल्यावर मास्तर हसतो तसे ते हसत होते. मंदाने ते पाहिलं, चमचा त्यांच्या तोंडात घातला आणि दुसरा भरला. वाटी संपेपर्यंत ती भरवत राहिली.

सर गेल्या वर्षी गेले. तेराव्याला सगळे पांगल्यावर मी मंदाजवळ बसले. ती एक्केचाळिशीची आहे, घर तिच्या नावावर आहे, तब्येत धडधाकट आहे. मी म्हणाले, "मंदे, आता नीघ इथून. कुठेही जा. कल्याणला जा, शिकवण्या घे, कोणी बघ. दोर सुटला आता."

ती ओट्यापाशी सरांची वाटी घासत होती. म्हणाली, "दोर सुटला का सरळ जातो, त्यो पळत असला तर, सुरेखा. त्याच दिवशी पळत होते मी. पिवळी साडी नेसून." तिने वाटी खळबळून पालथी केली. "आता कवापासून उभीच हाय."

 तिने वाटी पुसली आणि फळीवर, रोजच्या जागी ठेवून दिली.